एचडीव्ही टेपवरील चित्रण ब्लू-रे डिस्कवर उतरवताना

एचडीव्ही (टेपवर हाय-डेफिनिशन चित्रण करण्याचे स्वरूप) कॅमेरा मिनी-डीव्ही या छोट्या डिजिटल टेपवरच १४४० × १०८० पिक्सेलचे चित्र एमपेग-२ या संकुचनाच्या पद्धतीने सेकंदाला २५ मेगाबिट या वेगाने साठवतो; म्हणजे तासाभराच्या चित्रणाला सुमारे ११ जीबी जागा लागते. टेप फायरवायर (कॅमेरा आणि संगणक यांना जोडणारी डिजिटल) केबलनेच संगणकावर घ्यावी, कारण त्या मार्गाने मूळ नोंद जशीच्या तशी उतरते, तर अ‍ॅनालॉग जोडणीतून घेतल्यास ती पुन्हा संकुचित करावी लागून दर्जा घसरतो. टेपचा बारीकसा दोषही येथे महागात पडतो: एमपेग-२ मध्ये अनेक चौकटी (फ्रेम) परस्परांवर अवलंबून असल्यामुळे चित्र सुमारे अर्धा सेकंद गोठू शकते. म्हणून एकदा वापरलेल्या टेपवर पुन्हा चित्रण करण्याची काटकसर मला पटत नाही.

संकलनात चित्र १०८०आय स्वरूपातच, म्हणजे इंटरलेस्ड (सम आणि विषम ओळी आळीपाळीने दाखवणारे) ठेवावे. ब्लू-रेला ते चालते, त्यामुळे इंटरलेसिंग काढण्याची घाई करू नये. तसे केल्यास हालचालींतील सहजता हरवते.

एकथरी ब्लू-रे डिस्कवर २५ जीबी, म्हणजे याच वेगाचे सुमारे दोन तास मावतात. ब्लू-रेची प्रतिस्पर्धी असलेल्या एचडी डीव्हीडीच्या एका थरात १५ जीबीच मावत असत आणि फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने माघार घेतल्यावर तो पर्याय संपला. छोट्या चित्रफितीसाठी साध्या डीव्हीडीवर एव्हीसीएचडी हे हाय-डेफिनिशन चित्रणाचे स्वरूप वापरता येते. त्यात जेमतेम अर्धा तास बसतो आणि प्रत्येक प्लेअर ती डिस्क वाचतोच असे नाही, तेव्हा आधी एक चाचणी डिस्क लिहून पाहावी.