अमेरिकेत ॲक्सिलरेटेड नर्सिंगला प्रवेश घेताय? या चुका टाळा

भारतातली पदवी आहे, अमेरिकेत येऊन काही वर्षं झाली, मुलं शाळेत जायला लागली आणि आता नर्सिंग करायचं मनात आहे. अशा घरांत ॲक्सिलरेटेड बीएसएनचा, म्हणजे कमी वेळात मिळणाऱ्या नर्सिंगच्या पदवीचा विषय हमखास निघतो. आधी कुठल्याही विषयातली पदवी घेतलेल्यांसाठी हा ११ ते १८ महिन्यांचा कोर्स असतो. सेंट लुईस विद्यापीठाने तो १९७१ मध्येच सुरू केला, आणि आज अनेक खासगी विद्यापीठांत तो आहे. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेलमध्ये तर ११ महिन्यांत पदवी मिळते. एवढ्या कमी वेळात सगळं शिकायचं म्हटल्यावर मधे काही निस्तरायला सवड उरत नाही. माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्यांपैकी बरेच जण अभ्यासात हुशार असतात. त्यांचं अडतं ते वेळखाऊ कामं पहिल्या दिवसाआधी उरकलेली नसतात म्हणून.

ट्रान्सक्रिप्ट आणि जुने विषय

पहिली अडचण ट्रान्सक्रिप्टची, म्हणजे विषय आणि गुणांच्या अधिकृत पत्रकाची. भारतातल्या पदवीचं परदेशी पदव्या तपासणाऱ्या वेससारख्या (डब्ल्यूईएस) संस्थेकडून मूल्यमापन करून घ्यावं लागतं आणि नर्सिंगसाठी बहुधा विषयवार अहवालच मागतात. नुसता पदवी समकक्ष असल्याचा दाखला चालत नाही. त्यासाठी विद्यापीठाने थेट पाठवलेली ट्रान्सक्रिप्ट लागते. बीएचएमएस, बीएएमएस, बीडीएस किंवा फिजिओथेरपीवाल्यांना नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे अर्ज करावा लागतो. हे काम गावाकडच्या भावावर किंवा मैत्रिणीवर सोडून निवांत राहू नका. दर आठवड्याला पाठपुरावा करा.

तीन वर्षांची बीएस्सी किंवा बीकॉम असेल तर आणखी एक गोष्ट आधी विचारा. काही विद्यापीठं ती पदवी चार वर्षांच्या बरोबरीची मानतात, काही मानत नाहीत. फोनवरच्या होकारावर विसंबू नका, उत्तर ईमेलवर घ्या.

डॉक्टरांच्या मनाला सगळ्यात जास्त लागतं ते पुढचं. ॲनाटॉमी-फिजिओलॉजी आणि मायक्रोबायोलॉजी गेल्या पाच, सात किंवा दहा वर्षांतलीच हवी अशी अट अनेक ठिकाणी असते. दीड वर्ष मृतदेहाचं विच्छेदन केलेल्या माणसाला पुन्हा हाडांची नावं लिहायला लावणं अन्यायाचं वाटतं, हे मला कळतं. पण अट ती अट. ॲनाटॉमी-फिजिओलॉजीचे भाग एक आणि दोन एकापाठोपाठ करावे लागतात, म्हणजे दोन सेमिस्टर गेलीच. हे विषय त्याच खासगी विद्यापीठात भरमसाट फी देऊन करण्यापेक्षा जवळच्या कम्युनिटी कॉलेजात करा. त्याआधी तिथले क्रेडिट चालतील का, एवढं लेखी विचारून घ्या.

लसी आणि टीबीची चाचणी

क्लिनिकलला, म्हणजे रुग्णालयातल्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाला पाय ठेवण्याआधी गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या आणि हेपॅटायटिस बी यांची प्रतिकारशक्ती रक्ततपासणीने दाखवावी लागते. त्याला तिथे टायटर म्हणतात. 'लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यात' हे आईचं सांगणं पुरत नाही. हेपॅटायटिस बीचा टायटर निगेटिव्ह आला आणि तीन डोसांची लस घ्यायची ठरली, तर पहिल्यापासून शेवटच्या डोसापर्यंत सहा महिने जातात. दोन डोसांची हेपलिसाव्ह ही लस एका महिन्यात पूर्ण होते. तिच्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

टीबीची गोष्ट आपल्या लोकांसाठी वेगळी आहे. आपल्या दंडावर बीसीजीची खूण असते. त्या लशीमुळे हातावर टोचून करायची चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग एक्स-रे, आरोग्य खात्याचे फॉर्म, अशी धावपळ सुरू होते. म्हणून आधीच सांगून क्वांटिफेरॉनसारखी रक्ताची चाचणी करा. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. ती पॉझिटिव्ह आलीच तर मात्र टाळाटाळ न करता पुढची तपासणी करून घ्या.

व्हिसा आणि पैसे

एच-४ वर, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांच्या जोडीदाराच्या व्हिसावर, शिकता येतं, पण वेगळ्या परवान्याशिवाय नोकरी करता येत नाही. पदवी मिळाली, एनक्लेक्स ही लायसन्सची परीक्षा पास झाली, तरी कामाचा परवाना नसेल तर रुग्णालय घेणार नाही. काही राज्यांत सोशल सिक्युरिटी नंबरशिवाय लायसन्स मिळतानाही अडचण येते. नोकरीसाठी एच-१बी मिळेल असं धरून चालू नका. साध्या आरएनच्या (नोंदणीकृत नर्सच्या) पदाला बीएसएन बंधनकारक मानली जात नाही, म्हणून तो व्हिसा सहसा बसत नाही. नवऱ्याचं किंवा बायकोचं आय-१४० (कंपनीने ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज) मंजूर असेल तर एच-४ वर कामाचा परवाना मागता येतो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेलात तर पदवीनंतर काम करायला ओपीटीचं वर्ष मिळतं, पण नर्सिंग स्टेमच्या (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या) यादीत नसल्यामुळे पुढची मुदतवाढ नाही. फीचा पहिला हप्ता भरण्याआधी वकिलाशी तासभर बोला.

आधीची पदवी असेल, भारतातली का असेना, तर पेल ग्रँट ही सरकारी मदत मिळत नाही. सरकारी कर्ज आणि दोन वर्षं सेवेच्या अटीवर मिळणारी नर्स कोअर शिष्यवृत्ती ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असलेल्यांनाच मिळू शकते. बाकीच्यांना पूर्ण फीची सोय करूनच उतरायला हवं.

विद्यापीठ निवडताना

जाहिरातीतल्या नंबरवर फोन केला की प्रेमाने बोलणारी 'ॲडमिशन काउन्सेलर' भेटते. पुष्कळ खासगी विद्यापीठांचे हे कोर्स बाहेरच्या कंपन्यांच्या मदतीने चालतात, आणि बोलणारी व्यक्ती त्या कंपनीची असू शकते. तिला तीन गोष्टी विचारा: सीसीएनई किंवा एसेन या नर्सिंगच्या कोर्सना मान्यता देणाऱ्या संस्थांची मान्यता आहे का, गेल्या तीन वर्षांत एनक्लेक्स पहिल्याच प्रयत्नात किती टक्के पास झाले, आणि प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जण वेळेत पदवी घेऊन बाहेर पडले. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मान्यता देणाऱ्या संस्थेच्या आणि राज्याच्या बोर्ड ऑफ नर्सिंगच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळून बघा. तिसरा आकडा सांगायला कोणी खळखळ करत असेल तर समजून जा. पासांची टक्केवारी ९५ दिसते, पण वर्गातले कितीतरी जण परीक्षेपर्यंत पोचलेलेच नसतात, असंही होतं.

२०२३ च्या जानेवारीत फ्लोरिडातल्या तीन खासगी नर्सिंग शाळांनी ७,६०० हून अधिक बनावट पदव्या विकल्याचं प्रकरण बाहेर आलं. 'क्लिनिकल तास कागदावर भरून देऊ' असं कोणी सुचवलं तर तिथून निघा.

अभ्यासातली खरी ठेच

आपल्याला पाठांतराची सवय, आणि इथे पहिलाच पेपर विचारतो, 'आधी काय कराल?' रक्त चढवायला सुरुवात होऊन दहा मिनिटं झाली. रुग्णाला थंडी वाजतेय, कंबर दुखतेय. पर्याय चार: डॉक्टरांना कळवणं, पॅरासिटामॉल देणं, रक्त थांबवणं, ताप-नाडी-रक्तदाब घेणं. आपल्याकडे डॉक्टरी केलेली व्यक्ती औषधाकडे वळते, घाबरलेली विद्यार्थिनी डॉक्टरांना फोन करते. बरोबर उत्तर रक्त थांबवणं. नंतर नवी नळी लावून सलाइनने शीर चालू ठेवायची, मग डॉक्टर आणि रक्तपेढीला कळवायचं. चारही कामं करण्यासारखीच आहेत, गुण क्रमाला आहेत. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या एनक्लेक्समध्ये अशा निर्णयांवरच भर आहे. त्यामुळे धडा वाचून संपवण्यात सगळा वेळ घालवू नका. रोज प्रश्न सोडवा आणि चुकलेल्या प्रश्नाखालचं स्पष्टीकरण शेवटपर्यंत वाचा.

औषधाच्या मात्रेची गणितं सोपी समजून सोडून देणारे इंजिनिअर तिथेच अडकतात. या चाचणीत ९० टक्के, कुठे कुठे १०० टक्केही लागतात. एक करून बघा. रुग्ण १५४ पौंडांचा, हेपॅरिन ताशी किलोमागे १८ युनिट, पिशवीत २५० मिलीमध्ये २५,००० युनिट. वजन ७० किलो, तासाला १,२६० युनिट, मिलीमागे १०० युनिट, म्हणून पंप तासाला १२.६ मिलीवर. पौंडाचं किलो करायला विसरलात तर उत्तर २७.७ येतं, म्हणजे दुपटीहून जास्त रक्त पातळ करणारं औषध. लिहिण्याची शिस्तही इथेच लावून घ्या. ०.५ लिहिताना आधीचं शून्य सोडायचं नाही आणि ५ च्या पुढे ५.० असं शून्य जोडायचं नाही. दशांशचिन्ह नजरेतून सुटलं की मात्रा दहापट होते.

घर आणि शरीर

क्लिनिकलची शिफ्ट सकाळी सातला सुरू होते, बारा तास चालते, आणि रुग्णालय तासाभराच्या अंतरावर असू शकतं. मुलांना बसवर कोण सोडणार, ताप आला तर कोण थांबणार, हे नावानिशी ठरवा. 'बघू तेव्हा' चालत नाही, कारण क्लिनिकलच्या गैरहजेरीला फार थोडी माफी असते. सासू-सासरे किंवा आई-वडील मदतीला येणार असतील तर पहिल्या सेमिस्टरला बोलवा.

आणि रुग्णाची शी-शू काढणं, अंग पुसणं, कूस बदलणं हे काम 'आपलं नाही' असं मनात असेल तर ते आधीच तपासून बघा. कामाचा परवाना असेल तर काही महिने नर्सिंग असिस्टंट म्हणून काम करा, नसेल तर रुग्णालयात स्वयंसेवक व्हा. अंग पुसतानाच पाठीवरची सुरू होणारी जखम दिसते. ती पहिल्यांदा नर्सलाच दिसते.

गुण घसरले तर

अनेक ठिकाणी पास व्हायला ७५ ते ७८ टक्के लागतात आणि ७७.९ चे ७८ करून देत नाहीत. पहिल्या पेपरात कमी पडले तर त्याच आठवड्यात प्राध्यापकांना भेटून पेपर बघायला मागा. ज्ञान कमी पडलं, प्रश्न नीट वाचला नाही की ऐनवेळी उत्तर बदललं, ते प्रत्येक चुकीपुढे लिहा. सेमिस्टर हाताबाहेर जातंय असं दिसलं तर विषय सोडण्याच्या शेवटच्या तारखेआधी सल्लागाराशी बोला. एक विषय पुन्हा करायची मुभा बहुतेक ठिकाणी असते, दुसऱ्यांदा नापास झालात तर कोर्समधून काढतात. काही विद्यापीठं संथ गतीच्या तुकडीतही घेतात, पण त्यासाठी नापास होण्याआधी अर्ज करावा लागतो.