माळवद पाडायचं नसेल तर

औसा तालुक्यात गवंडीकाम करतो. किल्लारीखालची भेग ३० सप्टेंबर १९९३ ला, पहाटे ३.५६ ला सरकली अन् भूकंप झाला. रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते. भेग जमिनीत होती, पण माणसं दबली ती भिंती अन् माळवदाखाली, म्हणजे लाकडावर माती टाकलेल्या जड छताखाली.

माळवद न पाडता घर भूकंपात टिकवायचं तर आधी वरचं वजन उतरवा. गळतंय म्हणून दरसाल पांढरी माती टाकत गेलात, ती काढा. वीतभर ठेवा, खाली प्लास्टिक अंथरा.

मग भिंत. आपली दोन-अडीच फुटी भिंत एक नसतेच. आत एक, बाहेर एक, मधे माती अन् खापऱ्या. हादरा बसला की दोन्ही फाकतात. म्हणून तीन-चार फुटांवर एकेक दगड पहारीनं हलक्या हातानं सैल करून काढा. घण घातलात तर शेजारचेही येतील! आरपार भोक झालं की दोन्ही टोकं वाकवलेली सळई घालून काँक्रीट ठासा. एक भोक भरल्याशिवाय शेजारचं पाडू नका. दहा दिवस पाणी मारा.

भिंतीला पोट आलं असेल तर हे काही करू नका, तेवढी उतरवून नव्यानं बांधा.