आफ्रिका कोअरचा इतिहास वाचायचाय? मग असं सुरू करा

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत लढलेला जर्मन सेनापती रोमेल, त्याची अख्खी फौज म्हणजे आफ्रिका कोअर नाही; कोअर म्हणजे काही डिव्हिजन मिळून बनलेलं सैन्यदल. फेब्रुवारी १९४१ मध्ये त्रिपोलीत उतरायला लागलेली ही कोअर त्याच वर्षी मोठ्या पँझरग्रुपचा (पँझर म्हणजे रणगाडे) एक भाग झाली, रोमेल त्या अख्ख्या ग्रुपचा प्रमुख झाला आणि कोअर जनरल क्रुव्हेलकडे आली. म्हणून वहीत तारीख, कमांडर, डिव्हिजन असे तीन रकाने आखा न् वाचता वाचता भरत जा. ५वी लाइट डिव्हिजन मध्येच गायब होते ना, ती गायब नाही, तिचीच २१वी पँझर झाली, इथेच सगळा घोळ होतो. इजिप्तमधली अल अलामीनची लढाई मात्र सावकाश वाचा, ४ नोव्हेंबर १९४२ ला कोअरचा कमांडर फॉन थोमा स्वतः कैद झाला. समोर ब्रिटिशांच्या बाजूने आपली ४थी इंडियन डिव्हिजनही होती, तिच्या नोंदी शेजारी ठेवाच. मे १९४३, ट्युनिशियात शरणागती, तिथे वही बंद.