आधी प्रमाण ठरवा, मग फंड निवडा

समभाग किंवा म्युच्युअल फंड निवडण्याआधी आपल्याकडे आज काय आहे ते कागदावर लिहून काढावे. नोकरदारांच्या यादीत भविष्य निर्वाह निधी, पीपीएफ आणि मुदत ठेवी बहुधा असतातच, आणि त्यांची बेरीज केल्यावर स्थिर उत्पन्नाचा भाग कल्पनेपेक्षा बराच मोठा निघतो. राहते घर यात धरू नये. गरज पडली म्हणून त्याची एक खोली विकता येत नाही. सहा महिन्यांच्या घरखर्चाची रक्कम बचत खात्यात वा मुदत ठेवीत वेगळी ठेवावी आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर ती आधी फेडावी.

उरलेल्या पैशांपैकी किती समभागांत आणि किती स्थिर उत्पन्नात ठेवायचे, हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. तीन वर्षांच्या आत लागणारा पैसा समभागांत घालू नये. बाकीच्या रकमेसाठी स्वतःला एक प्रश्न विचारावा: जानेवारी २०२० मध्ये ४२,००० च्या आसपास असलेला सेन्सेक्स २३ मार्च २०२० रोजी २६,००० च्या खाली बंद झाला, तशा घसरणीत आपल्या सहा लाखांचे पावणेचार लाख झालेले पाहून आपण काहीही न विकता राहू शकू का? उत्तर प्रामाणिकपणे नकारार्थी असेल, तर समभागांचे प्रमाण आताच कमी ठेवावे.

मग फंडांची निवड. इथे सर्रास होणारी चूक म्हणजे पाच-सात फंड घेतले की जोखीम विभागली गेली, असे समजणे. भांडवली बाजाराची नियामक संस्था सेबीच्या नियमानुसार लार्ज कॅप (मोठ्या कंपन्यांच्या) फंडाला किमान ८० टक्के रक्कम बाजारमूल्याने पहिल्या १०० कंपन्यांत गुंतवावी लागते; त्यामुळे असे दोन फंड आणि निफ्टी ५० चा इंडेक्स फंड (त्या निर्देशांकातील ५० मोठ्या कंपन्यांतच पैसे ठेवणारा) एकत्र घेतले, तर एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक आणि रिलायन्स यांसारखी तीच नावे पुन्हा पुन्हा दिसतात. प्रत्येक फंड आपल्याकडील समभागांची यादी दरमहा जाहीर करतो. नवा फंड घेण्याआधी ती यादी जुन्या फंडाच्या यादीशेजारी ठेवून पाहावी. माझ्या मते बहुतेकांना एक इंडेक्स फंड आणि एक फ्लेक्सी कॅप फंड (लहान-मोठ्या कोणत्याही कंपन्यांत गुंतवणारा) पुरतो. दहा वर्षे थांबण्याची तयारी असेल तरच मिड कॅपचा, म्हणजे मध्यम आकाराच्या कंपन्यांचा, लहान हिस्सा जोडावा.

जानेवारी २०१३ पासून उपलब्ध असलेल्या डायरेक्ट प्लॅनमध्ये वितरकाचे कमिशन नसते, त्यामुळे खर्च कमी पडतो. दहा लाख रुपये वीस वर्षे १२ टक्क्यांनी वाढले असे गृहीत धरले, तर सुमारे ९६ लाख होतात, आणि ११ टक्क्यांनी सुमारे ८१ लाख. एका टक्क्याच्या खर्चाचा अर्थ इतका मोठा आहे. सल्ला हवा असल्यास सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराला शुल्क देऊन तो घ्यावा.

थेट समभाग घ्यायचे असतील, तर ते समभागांतील रकमेच्या पाचव्या हिश्शापर्यंत मर्यादित ठेवावेत आणि ज्या कंपनीचा वार्षिक अहवाल वाचण्याची तयारी नाही, ती घेऊ नये. आपण जिथे नोकरी करतो त्या कंपनीचे समभाग साठवत राहणेही टाळावे, कारण ती अडचणीत आली तर पगार आणि बचत दोन्ही एकदमच धोक्यात येतात.

वर्षातून एकदा प्रमाण तपासावे. सहा लाख समभागांत आणि चार लाख स्थिर उत्पन्नात असताना समभाग निम्म्याने वाढून नऊ लाख झाले, तर साठ टक्क्यांचा हिस्सा सुमारे एकोणसत्तर टक्क्यांवर जातो. अशा वेळी आधी नव्या बचतीचा ओघ स्थिर उत्पन्नाकडे वळवावा. तेवढ्याने भागले नाही तरच विक्री करावी. जुलै २०२४ मध्ये बदललेल्या नियमांनुसार बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या समभागांवर आणि इक्विटी फंडांवर आर्थिक वर्षातील सव्वा लाख रुपयांपर्यंतचा नफा करमुक्त असून त्यावरील नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो. म्हणून मोठी विक्री ३१ मार्चच्या आधी आणि नंतर अशा दोन भागांत करणे फायद्याचे ठरते.