जुनं ए-टू फ्लाइट जॅकेट घेताय? पाठ नंतर बघा, आधी अस्तर बघा

दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन ए-टू, म्हणजे वैमानिकांचं चामडी जॅकेट, समोर आलं की नजर पहिली पाठीवरच जाते. तिथे रंगवलेलं विमानाचं नाव, एखादी मुलगी, बॉम्बच्या रांगा, आणि विकणारा किंमतही त्या पाठीचीच सांगतो. पण पाठ कोणीही कधीही रंगवू शकतो, आतल्या बारीक खुणा जुळवून आणणं मात्र फार अवघड असतं, म्हणून जॅकेट हातात आलं की सरळ आतून सुरुवात करा.

ए-टूला आर्मी एअर कोअरने, म्हणजे अमेरिकेच्या तेव्हाच्या हवाई दलाने, 1931 मध्ये मंजुरी दिली. कातडं बहुतेक घोड्याचं, मनगटाला आणि कमरेला लोकरीची विणलेली पट्टी. 1943 मध्ये कापडी बी-टेन आलं आणि नवी ए-टू घेणं थांबलं, पण ज्यांच्या अंगावर ते होतं त्यांनी काही ते सोडलं नाही. मग 1988 मध्ये अमेरिकन एअरफोर्सने ए-टू परत सुरू केलं, बकरीच्या कातड्यात, आणि आता तीसुद्धा वापरून वापरून जुनी दिसतात त्यामुळे युद्धातली म्हणून खपवली जातात. मात्र बकरीचं कातडं दिसलं की लगेच नकली म्हणू नका, युद्धकाळातही काही ऑर्डरींमध्ये ते वापरलंय.

मानेच्या आत लेबल असतं. टाइप ए-टू, ड्रॉइंग नंबर 30-1415, कंपनीचं नाव आणि ऑर्डर नंबर, उदाहरणार्थ डब्ल्यू 535 एसी 27752 हा रफ वेअर कंपनीचा. कॉलरचा आकार आणि खिशाची कापणी प्रत्येक कंपनीची थोडी वेगळी, तेव्हा त्याच ऑर्डरच्या खात्रीच्या जॅकेटचे फोटो शेजारी ठेवून मिळवून बघा, कारण हल्ली लेबलची नक्कल हुबेहूब करतात. खिसे दोनच, वरून झाकणाचे, बाजूने हात घालायची सोय असेल तर ते युद्धातलं नाही. यूव्ही टॉर्च मारा, शिवणीचा दोरा निळसर पांढरा चमकला तर बहुधा नंतरचा आहे, मात्र तो एखाद्या दुरुस्तीचाही असू शकतो म्हणून एकाच जागी बघून निकाल देऊ नका.

आता माझी सगळ्यात आवडती खूण. अस्तरावर कुठेतरी फिकट शाईत एक अक्षर आणि चार आकडे सापडतात का बघा. तो लाँड्री नंबर, म्हणजे आडनावाचं पहिलं अक्षर आणि सर्व्हिस नंबरचे शेवटचे चार आकडे. डाव्या छातीवर नावाची चामडी पट्टी असेल तर तिच्याशी जुळवा. मी एकदा बघितलेल्या जॅकेटवर पट्टीतलं आडनाव एम वरून होतं आणि अस्तरावर के, विकणाऱ्याकडे उत्तर नव्हतं. जॅकेटं एकाकडून दुसऱ्याकडे जायची हे खरं, पण मग जुन्या पट्टीच्या टाक्यांची भोकं दिसायला हवीत, आणि तिथे कातडं एकदम गुळगुळीत होतं. मी ते घेतलं नाही.

नाव मिळालं की अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये शोधा, भरतीच्या लाखो नोंदी ऑनलाइन आहेत. त्या माणसाची सेवेची फाइल नाही मिळाली तर खचू नका, 1973 मध्ये सेंट लुइसमधल्या रेकॉर्ड केंद्राच्या आगीत आर्मीच्या असंख्य फाइली जळाल्या.

एवढं झाल्यावर पाठीकडे वळा. भिंग घ्या आणि कातड्याची घडी पडते तिथे रंग बघा. जुना रंग कातड्याबरोबर तडकलेला असतो, नवा रंग आधीच पडलेल्या भेगांच्या आत उतरलेला असतो. बॉम्बही मोजा, सहसा एक बॉम्ब म्हणजे एक मोहीम. इंग्लंडमधून उडणाऱ्या अमेरिकन एट्थ एअर फोर्सच्या बॉम्बर क्रूची टूर, म्हणजे ठरलेली पाळी, 1943 मध्ये 25 मोहिमांची होती, पुढे 30 आणि 35 झाली, तेव्हा आकडा त्या माणसाच्या तारखांशी जुळतो का बघायचं.

आपल्याकडचा धागाही आहे. आसामातल्या चबुआसारख्या तळांवरून हिमालय ओलांडून चीनला सामान नेणाऱ्या वैमानिकांच्या जॅकेटांवर चायना-बर्मा-इंडिया या युद्धक्षेत्राचे बिल्ले असतात, त्यातले कितीतरी इथल्याच कारागिरांनी हाताने केलेले. टाके जरा वाकडे असतात, दोन बिल्ले सारखे नसतात, आणि मला तेच सगळ्यात जवळचे वाटतात.

घरी आणल्यावर तेल, पॉलिश, सॅडल सोप काहीही लावू नका, रंगवलेल्या पाठीवर तर अजिबातच नाही. मुंबई-कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात बुरशी ठरलेली, म्हणून जुन्या धुतलेल्या सुती कापडात सैल गुंडाळून आडवं ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, जवळ सिलिका जेल ठेवा आणि दर आठवड्याला उघडून बघा. लोकरीच्या पट्टीला कसर लागते, ती आधी तपासा. झिप बिघडली तरी बदलायची घाई नको. बदलावीच लागली तर जुनी झिप, निघालेले दोरे, सगळं पाकिटात घालून जॅकेटसोबतच ठेवा.