पब्लिक हिस्टरीत एम.ए. : अभ्यासक्रम निवडण्यापासून पहिल्या नोकरीच्या अर्जापर्यंत

इतिहासाचं प्रशिक्षण घेऊन विद्यापीठाच्या वर्गाबाहेर केलेलं काम म्हणजे पब्लिक हिस्टरी. संग्रहालयं, अभिलेखागारं, वारसास्थळांचं जतन, मौखिक इतिहास, सरकारी खात्यांतले आणि कंपन्यांमधले इतिहास विभाग, हे सगळं त्यात येतं. कामं जुनी आहेत, पण या नावाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम १९७६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या शाखेत सुरू झाला. तो उभा करणारे रॉबर्ट केली पाण्याच्या खटल्यांमध्ये तज्ज्ञ म्हणून काम करत. तिथे प्रश्न वकील आणतो, मुदत कोर्ट देतं आणि इतिहासकाराने त्या चौकटीत कागदपत्रांशी प्रामाणिक राहून उत्तर शोधायचं असतं. या क्षेत्राचं वेगळेपण यातच आहे: प्रश्न बहुतेक वेळा दुसऱ्याचा असतो. म्हणून अभ्यासक्रम निवडताना आधी एवढंच पाहायचं, की दोन वर्षांत तुमच्या हातात दुसऱ्याने दिलेलं, मुदतीचं काम किती वेळा येणार आहे.

अभ्यासक्रम पारखताना

माहितीपत्रकातले फोटो बाजूला ठेवा आणि विषयांची यादी उघडा. अमेरिकेत एम.ए. साधारण दोन वर्षांचं आणि ३० ते ३६ क्रेडिट्सचं असतं. ब्रिटनमध्ये पूर्णवेळ एम.ए. बहुधा एका वर्षात संपतं. एका वर्षाच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप आणि प्रबंध एकमेकांच्या अंगावर येतात, हे गृहीत धरूनच अर्ज करा.

विभागाला ई-मेल करून चार गोष्टी विचारा. शिकवणाऱ्यांपैकी किती जणांनी संग्रहालयात किंवा अभिलेखागारात पगारी काम केलं आहे? इंटर्नशिप विभाग लावून देतो की विद्यार्थ्याने शोधायची? प्रबंधाऐवजी प्रकल्प सादर करता येतो का? गेल्या पाच वर्षांतले विद्यार्थी आज कुठे, कोणत्या पदावर आहेत? शेवटच्या प्रश्नाला ‘आमचे विद्यार्थी विविध क्षेत्रांत चमकत आहेत’ असं उत्तर आलं, तर यादी ठेवलेली नाही असं समजा. जमल्यास दोन माजी विद्यार्थ्यांशी बोला आणि पहिली पगारी नोकरी मिळायला किती महिने लागले, ते विचारा.

नुसतं ‘पब्लिक हिस्टरी’ हे नाव पाहून भुलू नका. अभिलेखागारात जायचं असेल तर अनेक ठिकाणी ग्रंथालय आणि माहितीशास्त्राची पदवी मागतात, त्यामुळे दुहेरी पदवीची सोय आहे का ते पाहा. वारसा जतनाच्या सरकारी कामासाठी अमेरिकेत केंद्र सरकारने पात्रतेचे निकष ठरवले आहेत. इतिहासकारासाठी इतिहासातली किंवा जवळच्या विषयातली पदव्युत्तर पदवी हा सरळ मार्ग. फक्त पदवी असेल तर किमान दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव किंवा संशोधन-प्रकाशनाचं भरीव काम दाखवावं लागतं.

अर्ज

अर्जात बहुतेक सगळे एकच चूक करतात: ‘मला लहानपणापासून इतिहासाची आवड आहे’ इथून सुरुवात. निवड समिती ते वाक्य रोज वाचते. त्याऐवजी पाहिलेलं एखादं प्रदर्शन, फलक किंवा संकेतस्थळ घ्या. त्यात काय सांगायचं राहिलं, का राहिलं असावं आणि तुम्ही ते कसं मांडाल हे दोन परिच्छेदांत लिहा. लेखनाचा नमुना प्राथमिक साधनांवर आधारलेला असू द्या. शिफारसपत्र देणाऱ्यांना निदान महिनाभर आधी सांगा आणि तुमचा निबंध त्यांच्याकडे पाठवा, म्हणजे पत्रं मोघम येणार नाहीत.

मुलाखत घ्यायला शिकणं

मौखिक इतिहास, म्हणजे लोकांच्या आठवणी मुलाखतींतून नोंदवणं, हे पहिल्या वर्षातलं सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात जास्त बिघडणारं काम आहे. आधी रेकॉर्डर न लावता एकदा भेटा आणि काय विचारणार, ध्वनिमुद्रण कुठे राहणार, कोण ऐकणार हे सांगा. प्रश्नांऐवजी दहा-बारा विषय कागदावर घ्या. लिहिलेले प्रश्न वाचून दाखवले की समोरचा हो-नाहीत उत्तरं देतो.

ध्वनिमुद्रण वेव्ह फाइलमध्ये, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर करा. स्टिरिओमध्ये तासाला साधारण १ जीबी जागा लागते, त्या हिशेबाने कार्ड घ्या. आवाजाची पातळी रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. सुरू करण्याआधी अर्धा मिनिट मुद्रण करून हेडफोनने ऐका: पंखा, फ्रिज आणि टेबलावर वाजणाऱ्या बांगड्या कानाला जाणवत नाहीत, मायक्रोफोनला जाणवतात. तारीख, ठिकाण आणि दोघांची नावं बोलून सुरुवात करा. दीड तासाच्या वर बसू नका. त्याच दिवशी दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या जागी ठेवा. एका तासाचं शब्दांकन (ऐकून शब्दशः लिहून काढणं) करायला पाच ते आठ तास लागतात. वेळापत्रकात हेच हमखास विसरलं जातं.

संमतीपत्राची बाब वेगळी आणि जास्त गंभीर. बोस्टन कॉलेजच्या बेलफास्ट प्रकल्पात उत्तर आयर्लंडमधल्या संघर्षात सामील झालेल्यांच्या मुलाखती ‘तुमच्या हयातीत कोणालाही दाखवणार नाही’ अशा भरवशावर घेतल्या गेल्या. २०११ मध्ये ब्रिटिश तपासयंत्रणांसाठी अमेरिकेत समन्स निघालं आणि काही ध्वनिफिती द्याव्या लागल्या. मुलाखत देणाऱ्यांशी केलेल्या करारात ‘अमेरिकी कायदा परवानगी देईल तितपतच’ ही मर्यादा नव्हती. तेव्हा कायद्यापुढे टिकणार नाही असं वचन देऊ नका. कागदावर साफ लिहा: हक्क कोणाकडे, वापर कुठे (प्रदर्शन, संकेतस्थळ, पुस्तक, सगळं वेगळं), कोणता भाग किती वर्षं बंद, माघार कशी घ्यायची. फक्त संकेतस्थळापुरती संमती घेतली आणि नंतर प्रदर्शन ठरलं, तर प्रत्येकाकडे पुन्हा जावं लागतं. तोवर काही जण हयातही नसतात.

माणसांचा सहभाग असलेल्या संशोधनासाठीच्या अमेरिकेच्या केंद्रीय नियमांतून जानेवारी २०१९ पासून मौखिक इतिहास वगळला आहे. तरी अनेक विद्यापीठं स्वतःची तपासणी मागतात, म्हणून पहिल्या मुलाखतीआधीच विचारून घ्या.

लेबल लिहिणं

प्रबंध लिहिलेल्या हाताला हे सगळ्यात जड जातं. वस्तूशेजारचं लेबल ५० ते ७५ शब्दांत, दालनाच्या सुरुवातीचा फलक साधारण १५० शब्दांत. पहिलं वाक्य डोळ्यांसमोरच्या वस्तूबद्दल असावं, कारण माणूस उभा आहे आणि त्याचं मूल हात ओढतंय. मसुदा टेबलावर तपासू नका. छापून भिंतीला डकवा, दोन पावलं मागे जा, विषय माहीत नसलेल्या चार-पाच जणांना वाचायला द्या आणि काय कळलं ते विचारा. त्यांना कळलं नाही तर वाक्य बदला, माणसं नव्हे.

वस्तूंची काळजीही इथेच शिकावी लागते. कागद, कापड, जलरंग यांच्यावर ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपासच प्रकाश चालतो. त्या अंधुक उजेडात लेबल वाचता येईल एवढं अक्षर मोठं हवं. प्रदर्शनाचा रचनाकार आणि जतनतज्ज्ञ यांचं भांडण बहुधा इथेच होतं.

वाद कसे पेटतात, हेही अभ्यासक्रमात असायला हवं. १९९५ मध्ये वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई आणि अंतराळ संग्रहालयाने हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणाऱ्या इनोला गे विमानाभोवती आखलेलं प्रदर्शन माजी सैनिकांच्या संघटनांच्या विरोधामुळे जानेवारीत रद्द झालं, संचालकांनी पुढे राजीनामा दिला आणि विमानाचा भाग कितीतरी छोट्या मांडणीत दाखवला गेला. त्या प्रदर्शनाची संहिता वाचा, आक्षेप वाचा आणि तुम्ही कोणत्या टप्प्यावर कोणाला बोलावलं असतं ते लिहून काढा.

इंटर्नशिप आणि शेवटचा प्रकल्प

‘संग्रहालयात मदत’ अशी इंटर्नशिप घेऊ नका. तीन महिने खोके उचलण्यात जातात. आधी एका पानाचा करार करा: काय तयार करून द्यायचं, किती तासांत, तपासणीच्या फेऱ्या किती (दोन पुरेत), श्रेय कसं छापणार, नमुना म्हणून दाखवता येईल का. बिनपगारी असेल तर तास कमी मागा आणि संस्था नाराज होईल म्हणून गप्प बसू नका.

प्रबंध की प्रकल्प? पीएच.डी.चा विचार असेल तर प्रबंध. नाहीतर प्रकल्प, पण संग्रह नोंदवून, तो कोणीतरी सांभाळेल अशा ठिकाणी देऊन संपलेला. नोंदींसाठी डब्लिन कोअर या वस्तूंचं वर्णन नोंदवायच्या प्रमाणित पद्धतीचे १५ मूलभूत घटक शिका. ओमेका ही संग्रह मांडायची मुक्त प्रणाली त्यावरच उभी आहे. फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस असं सुरू करा. ‘अंतिम’, ‘अंतिम-२’, ‘खरंच अंतिम’ अशा नावांच्या फाइली पुढच्या माणसाच्या कपाळी मारू नका.

नोकरीचा अर्ज

पोर्टफोलिओत तीनच गोष्टी ठेवा. प्रत्येकीबरोबर चार ओळी: काम कोणी मागितलं, मुदत किती, तुमचा वाटा नेमका कोणता आणि काय बदलावं लागलं. मुलाखतीत चौथ्या ओळीवरच जास्त प्रश्न येतात. बजेट सांभाळलं असेल तर ते बायोडेटात वर आणा: मानधन, शब्दांकन, परवानगी शुल्क आणि अडीअडचणीसाठी राखलेले दहा टक्के. छोट्या संस्थेत एकच माणूस क्युरेटर (संग्रह सांभाळणारा आणि मांडणारा), हिशेबनीस आणि मार्गदर्शक असतो, आणि निवड समिती नेमका तोच शोधत असते.