नागनदीकाठच्या वस्तीची पूर-संवेदनशीलता घरोघरी कशी मोजावी

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात काही तासांत 100 मिमीहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीकाठच्या वस्त्यांत लोक झोपेत असताना पाणी शिरलं. पाणी कुठवर येतं ते नकाशावरून कळतं. तेवढ्याच पाण्यात कुठल्या घराचं किती बिघडेल, ही झाली संवेदनशीलता. ती घरात जाऊनच मोजावी लागते.

आधी पूररेषा, म्हणजे पाणी कुठवर चढलं होतं ती पातळी, शोधा. भिंतीवरचा ओलीचा डाग धरू नका. वीट आणि प्लास्टर पाणी शोषतात, त्यामुळे डाग खऱ्या पातळीच्या वर चढतो. मीटरच्या पेटीत, दारामागे, भिंतीतल्या कपाटात गाळाची रेघ राहते, ती घ्या आणि दोन शेजाऱ्यांना वेगवेगळं विचारून पक्की करा. मग गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप, साधारण 15 मीटरचा, पाण्याने भरून ही पातळी पुढच्या घरांवर न्या. आत बुडबुडा राहिला तर माप चुकतं, म्हणून आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं आहे का ते बघा.

जोत्याची उंची मंजूर नकाशातून उचलू नका. सिमेंटचे रस्ते झाले तिथे कित्येक जोती रस्त्याच्या बरोबरीला, काही तर खाली गेली आहेत. टेपने मोजा. त्याच फेरीत वीजमीटर, खालचे प्लग आणि पिठाच्या चक्कीची मोटर किती उंचीवर आहे तेही लिहा.

खरा वेळ माणसांसाठी ठेवा. रात्री तळमजल्यावर कोण झोपतं? अंथरुणाला खिळलेलं कोणी आहे का? इन्सुलिन कुठे ठेवतात? गच्चीच्या जिन्याला कुलूप असतं का, आणि किल्ली कोणाकडे? हे घरमालकाला नाही, तिथे राहणाऱ्या भाडेकरूला विचारा. दुपारी गेलात तर मोलमजुरी करणाऱ्यांची घरं बंद दिसतात आणि नेमकी तीच यादीतून गळतात. संध्याकाळी सातनंतर जा.

प्रत्येक मुद्द्याला 0, 1 किंवा 2 गुण द्या, जास्त धोक्याला जास्त. सरासरी मात्र काढू नका. भक्कम भिंतीच्या आकड्याआड अंथरुणावरची आजी दिसेनाशी होते. आधाराशिवाय उठता न येणारं माणूस तळमजल्यावर झोपत असेल, तर बेरीज कितीही येवो, ते घर पहिल्या यादीत, म्हणजे ज्यांच्याकडे सर्वांत आधी पोचायचं त्या घरांत.

यादी मे अखेरपर्यंत तयार हवी. एक प्रत महापालिकेच्या झोन कार्यालयात द्या. पहिल्या यादीतल्या प्रत्येक घराची माहिती, घरच्यांना विचारून, वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यालाही द्या, कारण पहाटे सर्वांत आधी तोच पोचू शकतो. रस्ता नव्याने झाला किंवा भाडेकरू बदलला, की त्या घराची मोजणी पुन्हा करा.